रस्त्यावर सायकलचं चित्र आणि दोन बाण रंगवलेत, मग सायकल चालवायची नेमकी कुठून?

प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्याहून नुकतेच कॅलिफोर्नियात, बे एरियात आलोय, स्टेशनपर्यंत सायकलने जातो. रस्त्यावर मध्येच सायकलचं चित्र आणि त्याच्या डोक्यावर दोन टोकदार बाण रंगवलेत पण बाजूला पट्टा वगैरे काहीच नाही, ही सायकल लेन समजायची का? कडेने गेलो तर गाड्या घासून जातात, चित्रावरून गेलो तर मागून हॉर्न. आणि जाता जाता, हे असं पुण्यात केलं तर चालेल का?

रस्त्यावरच्या पट्ट्यांचे आणि खुणांचे प्लॅन काढणं हाच माझा बरीच वर्षं धंदा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबणार, आधीच सांगून ठेवतो.

सरळ उत्तर आधी. ती सायकल लेन नाही. सायकल लेन म्हटली की बाजूने सलग पांढरा पट्टा असतो आणि पट्ट्याच्या आतली जागा सायकलची. तुम्ही बघताय ते शेअर्ड लेन मार्किंग, बोलताना सगळे शॅरो म्हणतात, आणि त्याने तुम्हाला कुठलाही नवीन हक्क मिळत नाही की गाडीवाल्याचा एखादा हक्क जात नाही. ते नसतं तरी त्या लेनमधून सायकल चालवायचा तुमचा हक्क तेवढाच होता. मग मारलंय कशाला, तर एकच गोष्ट सांगायला, की रस्त्याच्या रुंदीत तुमचं चाक कुठे असायला हवं. हवालदाराच्या बाहीवर असतात तशा त्या दोन फिती आहेत ना, त्यांचं टोक जिथे आहे तिथून जायचं. कडेने नाही, फितीच्या उजव्या कोपऱ्यावरूनही नाही, बरोबर टोकावरून.

आता तिथूनच का, तर दारं. पार्क केलेल्या गाडीचं दार धाडकन उघडणं हा शहरात सायकलवाल्याला असलेला सगळ्यात हलकटपणाचा धोका आहे, कारण तो मागून येत नाही, समोरून येतो आणि अर्धा सेकंद आधी कळतो. नुसतं दारावर आपटून भागत नाही, हँडल दाराच्या कडेला अडकलं की माणूस डावीकडे, म्हणजे (इथे सगळे उजव्या बाजूने चालवतात त्यामुळे) चालत्या ट्रॅफिकमध्ये फेकला जातो. सॅन फ्रान्सिस्कोने २००४ साली एक अभ्यास करून घेतला त्यात ही उघडी दारं फुटपाथच्या कडेपासून किती लांब येतात ते मोजलं होतं, आणि शंभरातली पंच्याऐंशी दारं साडेनऊ फुटांच्या आत निघाली. त्यात सायकलच्या हँडलची अर्धी रुंदी एक फूट, वर अर्धा फूट मोकळी जागा, झाले अकरा फूट. हाच आकडा पुढे अमेरिकेच्या रस्ता-चिन्हांच्या राष्ट्रीय नियमपुस्तकात, ज्याला एमयूटीसीडी म्हणतात, त्याच्या २००९ च्या आवृत्तीत आला: कडेला रांगेत गाड्या लागत असतील तर खुणेचा मध्य कर्बच्या, म्हणजे फुटपाथच्या उंच कडेच्या, तोंडापासून किमान अकरा फूट. किमान हा शब्द महत्त्वाचा, कारण उरलेली पंधरा दारं साडेनऊच्याही पुढे येतात. दोन दारांच्या गाडीचं दार लांबलचक असतं आणि हल्लीचे पिकअप ट्रक तर मुळातच रुंद, दार न उघडताच अर्धी जागा खातात.

तुम्हाला वाटेल की जरा कडेला सरकलो तर गाड्यांना जायला जागा होईल, भांडण मिटेल. सगळ्यांना असंच वाटतं, आणि आपल्याकडे तर लहानपणापासून "कडेने चालव" हेच कानावर पडलेलं असतं. पण हिशोब करून बघा. चाळीस फूट रुंद रस्ता घ्या, इथे शहरात असे खूप आहेत. दोन्ही बाजूंना आठ-आठ फूट पार्किंग, मध्ये बारा-बारा फुटांच्या दोन लेन, एक जाणारी एक येणारी. मधला पिवळा पट्टा तुमच्या बाजूच्या कर्बपासून वीस फुटांवर. आता समजा तुम्ही नऊ फुटांवरून, म्हणजे गाड्यांच्या दाराला चिकटून चाललाय. तुमच्या हँडलचं डावं टोक दहा फुटांवर, कायद्याने गाडीवाल्याने सोडायचे तीन फूट, झाले तेरा, आरशांसकट गाडी सात फूट, झाले वीस. म्हणजे कागदावर गाडी बरोब्बर मावते, एक इंचही न उरता! मागच्याला दिसतं की जमतंय, तो घुसतो, आणि प्रत्यक्षात ते तीन फूट कधीच तीन राहत नाहीत. शिवाय तुम्ही पूर्ण वेळ दारांच्या टप्प्यात. आता अकरा फुटांवर या. हँडल बारावर, अधिक तीन पंधरा, अधिक सात बावीस. गाडी पिवळ्या पट्ट्याच्या दोन फूट पलीकडे जाणारच, म्हणजे समोरून कोणी येत असेल तर ओव्हरटेक करताच येत नाही हे मागच्याला लांबूनच कळतं आणि तो थांबतो. हॉर्न मारेल, पण थांबतो. हॉर्न मारणाऱ्याने तुम्हाला बघितलेलं असतं हे विसरू नका, ज्याने बघितलंच नाही त्याची भीती बाळगायची.

याचा अर्थ बारा फुटांच्या लेनमध्ये सायकल आणि गाडी शेजारी-शेजारी मावतच नाहीत, पार्किंग असेल तर नाहीच नाही. कॅलिफोर्नियाचा कायदाही हेच धरून चालतो. व्हेइकल कोडचं २१२०२ कलम म्हणतं की ट्रॅफिकपेक्षा हळू जाणाऱ्या सायकलवाल्याने शक्य तितकं उजव्या कडेने जावं, आणि लोक इथेच वाचायचं थांबतात, पोलिससुद्धा कधीकधी. पुढे त्यातच अपवाद दिलेत: डावीकडे वळायचं असेल, कडेला अडथळे असतील, किंवा सायकल आणि गाडी शेजारी-शेजारी सुरक्षित जाऊ शकणार नाहीत इतकी लेन अरुंद असेल, तर कडेने जायची सक्ती नाही. तीन फुटांचा नियम सप्टेंबर २०१४ पासून आहे, आणि २०२३ पासून त्यात भर पडली की शक्य असेल तिथे गाडीवाल्याने सरळ लेन बदलूनच सायकलला ओलांडायचं. उलट बाजूचंही सांगतो, दोनच लेनच्या रस्त्यावर ओव्हरटेकला वाव नसेल आणि तुमच्यामागे पाच किंवा जास्त गाड्या साचल्या तर सुरक्षित जागा मिळेल तिथे बाजूला होऊन त्यांना सोडायचं, हा नियम सायकललाही आहे. शहरात सिग्नल इतके जवळ असतात की ही वेळ फारशी येत नाही, टेकडीवरच्या रस्त्यावर येते.

ही खूण मुळात आली कुठून तेही सांगतो कारण त्यातच तिची अर्धी दुखणी आहेत. १९९३ मध्ये डेन्व्हर शहराचे सायकल प्लॅनर जेम्स मॅके यांनी पहिली आवृत्ती काढली, एका मोठ्या पोकळ बाणाच्या आत सायकलवाला. हेतू साधा आणि प्रामाणिक होता: जिथे सायकल लेन बसत नाही किंवा तिला पैसे नाहीत तिथे निदान काहीतरी स्वस्तात करावं. सॅन फ्रान्सिस्कोने ती उचलली, बाण काढून सायकलवर दोन फिती आणल्या, आणि रस्त्यांवर कॅमेरे लावून आधीचं आणि नंतरचं वागणं मोजलं. निकाल चांगले होते, खोटं कशाला बोला. फितीवाल्या खुणेनंतर सायकलवाले पार्क केलेल्या गाड्यांपासून सरासरी आठ इंच लांब गेले, ओलांडणाऱ्या गाड्यांनी दोन फुटांहून जास्त अंतर वाढवलं, फुटपाथवरून चालवणारे ३५ टक्क्यांनी कमी झाले आणि उलट्या दिशेने येणारे तर ८० टक्क्यांनी. २००५ मध्ये कॅलिफोर्नियाने मान्यता दिली, २००९ मध्ये देशाने.

आणि इथून गाडी घसरली.

कारण शहरांना कळलं की पट्टे पुन्हा आखायला नकोत, पार्किंग काढायला नको, कुठल्या दुकानदाराशी वाद नको, शे-दोनशे डॉलरला एक खूण याप्रमाणे मैलच्या मैल "सायकल नेटवर्क" नकाशावर दाखवता येतं. तोच चाळीस फुटांचा रस्ता परत घ्या. एका बाजूचं पार्किंग काढलं तर आठ फूट पार्किंग, दोन फूट दारासाठी मोकळे, पाच फूट सायकल, दहा, दहा, आणि परत पाच फूट सायकल, झाले चाळीस. म्हणजे दोन्ही दिशांना खऱ्या सायकल लेन बसतात, जागा नाही हे खरं नसतं. पण मग जनसुनावणी होते, कोपऱ्यावरचा ड्रायक्लीनर उभा राहतो, त्याच्यामागे अख्खी गल्ली उभी राहते, नगरसेवक घड्याळाकडे बघतो, आणि दोन महिन्यांनी सुधारित प्लॅन येतो त्यात दोन्ही बाजूंचं पार्किंग जिथल्या तिथे आणि मध्ये शॅरो. मी काढलेल्या कित्येक शॅरोंची जन्मकथा हीच आहे. इंजिनिअरने ते निवडलेलं नसतं, मीटिंगनंतर जे उरतं ते आम्ही रंगवतो.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतल्या फेरेन्चॅक आणि मार्शल या दोघांनी २०१६ मध्ये शिकागोचा अभ्यास मांडला, २००८ ते २०१० या काळात शहराच्या कुठल्या भागात सायकल लेन आल्या, कुठे फक्त शॅरो आले आणि कुठे काहीच झालं नाही, आणि त्याआधी-नंतर काय बदललं. सायकल लेन आलेल्या भागात सायकलने कामाला जाणाऱ्यांचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. काहीच न केलेल्या भागात ४३ टक्क्यांनी वाढलं. शॅरोच्या भागात २७ टक्क्यांनी. सायकलवाल्यांच्या संख्येच्या मानाने जखमी होण्याचं प्रमाण लेनच्या भागात ४२ टक्के उतरलं, काहीच न केलं तिथे ३७ च्या आसपास, आणि शॅरोवाल्या भागात फक्त २०. म्हणजे काही न करण्यापेक्षाही मागे! माझं स्वतःचं मत, यावरून शॅरोमुळे माणसं जखमी झाली असा अर्थ काढू नये, तीन प्रकारचे भाग मुळात सारखे नव्हते. पण शॅरो मारले म्हणजे सुरक्षेचं काम झालं हा दावा मात्र यानंतर कोणी तोंड वर करून करू नये. आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आकड्यांशी याचं भांडणही नाही. तिथे मोजलं होतं माणूस कुठून चालवतो, इथे मोजलं तो सुरक्षित झाला का, आठ इंच सरकणं आणि सुरक्षित होणं यात बरंच अंतर आहे.

मग शॅरो चांगला कुठे? जिथे गाड्या मुळात कमी आणि हळू असतात तिथे. पोर्टलंडमध्ये आतल्या निवासी रस्त्यांचं जाळं आहे, नेबरहूड ग्रीनवे म्हणतात, तिथे दिवसाला साधारण हजार गाड्या असाव्यात आणि दोन हजारांच्या वर जाऊ नयेत, वेग ताशी वीस मैल म्हणजे बत्तीस किलोमीटरच्या आसपास, असं शहरानेच ठरवून घेतलंय, आणि गाड्या वाढल्या की चौकात अडथळे टाकून त्यांना बाहेर वळवतात. तिथे शॅरो वाट दाखवायला आहेत, या वळणावर इकडे, पुढे तिकडे, आणि ते काम फार सुंदर करतात. तुमच्या जवळ बर्कलीचे बायसिकल बुलेव्हार्ड, म्हणजे असेच सायकलसाठी शांत ठेवलेले रस्ते, आहेत, तिथेही खरं काम ते चौकातले अडथळे करतात, रंग फक्त ओळख देतो. दुसरी चांगली जागा म्हणजे उतार: चढाच्या बाजूला सायकल लेन, कारण तिथे तुम्ही धापा टाकत हळू असता, आणि उताराच्या बाजूला शॅरो, कारण तिथे तुमचा वेग गाड्यांच्या जवळपास असतो आणि त्या वेगात दारांजवळून जाणं म्हणजे आत्महत्या. तिसरी, सायकल लेन एखाद्या चौकाआधी शंभर-दोनशे फूट तुटते ती जोडायला. नियमपुस्तकाची २००९ ची आवृत्ती म्हणते ताशी ३५ मैलांच्या वर वेगमर्यादा असेल तिथे शॅरो मारू नये, मी म्हणेन पंचवीसच्या वर असेल तरी दोनदा विचार करा, आणि चार लेनच्या रस्त्यावर दिसला तर समजा की तिथे कोणाचा तरी धीर सुटला होता. काही शहरांनी त्यावर हिरवा रंग देऊन पाहिलं, लाँग बीचने २००९ मध्ये दुकानांच्या एका रस्त्यावर लेनच्या मधोमध अख्खा हिरवा पट्टाच ओढला, तो निदान लांबून दिसतो आणि सलग असल्याने विसरला जात नाही.

तुम्ही लिहिलंय की काही ठिकाणी खूण अर्धी पुसलेली आहे, त्याचंही कारण जागाच आहे. ही खूण चाळीस इंच रुंद आणि एकशे बारा इंच लांब असते, आणि चांगल्या ठिकाणी ती रंगाची नसून थर्मोप्लास्टिकची असते, तुकडे रस्त्यावर मांडतात आणि मोठ्या गॅसच्या टॉर्चने तापवून डांबरात वितळवतात, मग गार झाल्यावर छिन्नीने एक कोपरा उचकटून बघतात, खाली डांबर चिकटून आलं तर बसलं म्हणायचं. आता आपल्या बारा फुटांच्या लेनमध्ये गाडी मधोमध चालली, म्हणजे कर्बपासून चौदा फुटांवर तिचा मध्य, तर तिची उजवी चाकं साधारण साडेअकरा फुटांवरून जातात. खूण किमान म्हणून अकरावर मारली तर प्रत्येक गाडीचं चाक तिच्यावरून, बसेस असतील तर काही विचारू नका. तीच खूण चौदावर, लेनच्या मध्यावर मारली तर चाकं दोन्ही बाजूंनी निघून जातात आणि ती वर्षानुवर्षं टिकते. वर सायकलवालाही दारांपासून आणखी तीन फूट लांब. त्यामुळे अरुंद लेनमध्ये मी नेहमी मध्यावरच दाखवतो, आणि साइटवर जाऊन टेप कर्बच्या उभ्या तोंडालाच लावलीय ना, गटाराच्या काँक्रीटच्या कडेला तर नाही, हे स्वतः बघतो, तिथे दीड-दोन फुटांचा फरक सहज पडतो. तुम्हाला एखादी खूण थेट गाड्यांच्या दाराशी दिसली तर ती चुकीची मारलीय असं बिनधास्त समजा आणि तिच्या डावीकडून चालवा. रंगापेक्षा दार खरं.

पुण्याचं विचारलंत. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याआधीपासूनचे ट्रॅकही आहेत, त्यांच्यावर काय काय उभं असतं ते तुम्ही माझ्यापेक्षा ताजं बघून आलाय. शॅरोचं वर केलेलं सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे, की लेनमध्ये एका वेळी एकच गाडी असते आणि ती सरळ रेषेत चालते. आपल्याकडे त्या बारा फुटांत एक रिक्षा, दोन स्कूटर आणि एक कार मावते, चाकोरी अशी नसतेच, त्यामुळे ती खूण बघून कोण थांबणार. उलट सायकलचं चित्र म्हणजे टू-व्हीलरची जागा असा समज व्हायला एक आठवडाही लागणार नाही. पेठांतल्या गल्ल्यांत वेगच इतका कमी असतो की तिथे खुणेशिवायच सगळे एकमेकांत मिसळून जातात, आणि मोठ्या रस्त्यांवर, जिथे सायकलवाल्याला खरी मदत हवी, तिथे रंगाने काही होणार नाही, उंचवट्याने वेगळी केलेली जागाच हवी आणि ती मोकळी ठेवणारा माणूस हवा. आराखड्यातल्या आतल्या रस्त्यांवर वाट दाखवायला मात्र जमेल, तेही वेग खरंच उतरवला तर.

आता तुमच्या रस्त्याचं. दोन गोष्टी करा. पहिली, एक समांतर आतला रस्ता शोधा, स्टेशनला जाताना दोन-तीन मिनिटं जास्त लागली तरी रोजच्या जाण्यायेण्याला तोच घ्या, मुख्य रस्ता घाई असेल तेव्हा. मुख्य रस्त्यावर असाल तेव्हा टोकावरून चालवा आणि सरळ रेषेत चालवा, पार्किंगमध्ये दोन गाड्यांची जागा रिकामी दिसली म्हणून आत शिरू नका, पुढच्या गाडीपाशी परत बाहेर यावं लागतं आणि तेव्हा मागच्याला तुम्ही अचानक उगवल्यासारखे वाटता. दुसरी, शहराच्या वेबसाइटवर येत्या वर्षांत कुठल्या रस्त्यांवर नवं डांबर पडणार आहे त्याची यादी बहुतेक ठिकाणी असते, त्यात तुमचा रस्ता आहे का बघा. डांबर नवं पडलं की पट्टे तसेही नव्याने मारावेच लागतात, त्यामुळे लेन बदलायचा खर्च जवळजवळ शून्य असतो, आणि एकदा जुनेच पट्टे परत मारले की पुढची कित्येक वर्षं कोणी हात लावत नाही. डिझाइन पक्कं व्हायच्या आधी, म्हणजे डांबराच्या निदान वर्षभर आधी, सायकल आणि पादचारी सल्लागार समितीच्या मीटिंगला जा, कोणालाही बोलता येतं, दोन-तीन मिनिटं मिळतात. "शॅरो नकोत" एवढंच म्हणू नका, नुसती टीका मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून ठेवतात आणि विसरतात. कर्ब ते कर्ब रुंदी आधी मोजून न्या, आणि त्या रुंदीत पार्किंग एकाच बाजूला ठेवून काय काय बसतं ते फुटांत लिहून द्या, दोन कागदांवर, एक समितीला आणि एक तिथे बसलेल्या इंजिनिअरच्या हातात. त्यालाही ते हवंच असतं, फक्त मागणी बाहेरून आलेली लागते.